तोडफोडीनंतरची गाडी: मुंबईच्या डेंटिंग-पेंटिंग धंद्याचा इतिहास

दगडफेकीत फुटलेली काच, किल्लीने ओढलेला ओरखडा आणि लाथेने चेपलेला दरवाजा यांवर कमी पैशांत इलाज करणारा डेंटिंग-पेंटिंगचा धंदा मुंबईत वाढला तो गाड्यांच्या टंचाईमुळे. 1928 पासून जनरल मोटर्स शिवडीला आयात सुटे भाग जोडून गाड्या बाहेर काढत होती. 1950 च्या दशकात सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांची वाट बंद केली आणि शहराची भिस्त वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सवर आली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1954 पासून फियाट 1100 निघू लागली. 1964 मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले, आणि तीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हातातली गाडी कितीही ठोकली गेली तरी ती मोडीत काढणे कोणाला परवडत नसे.

या धंद्याला बारमाही काम दिले ते टॅक्सीने. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ठरावीक काळाने आरटीओचे पासिंग करून घ्यावे लागे आणि त्याआधी पत्रा सरळ करून रंगाचा हात मारणे ओघानेच येई. रंग दोनच, तेही ठरलेले, म्हणून छटा जुळवण्याची कटकट नव्हती. बंद आणि दंगलीच्या दिवसांत मात्र काम एकदम अंगावर येई. फेब्रुवारी 1969 मध्ये सीमाप्रश्नावरून शहर पेटले तेव्हा वाहनांवर दगड पडले, जाळपोळ झाली. फेब्रुवारी 2008 मध्ये उत्तर भारतीय चालकांच्या टॅक्सी फोडल्या गेल्या. ज्याचे पोट त्याच गाडीवर होते, त्याला ती लवकरात लवकर रस्त्यावर हवी असे. त्या माणसाची निकड आणि त्याचा खिसा या दोन्हींतून या कारागिरीला वळण लागले.

सगळ्यात आधी काच बसवली जाई. जुन्या गाड्यांची पुढची काच बहुधा टफन्ड असे. एक दगड लागला की तिचा बारीक चुरा होई. लॅमिनेटेड काच बंधनकारक झाली ती 1990 च्या दशकात. ती तडकली तरी मधल्या पापुद्र्यामुळे जागेवर राहते. फियाटची काच रबरी बीडिंगमध्ये असे आणि ती बसवायला दोन माणसे व एक दोरी पुरे. बीडिंग काचेभोवती चढवायचे, त्याच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. मग एकाने बाहेरून तळव्याने दाब द्यायचा, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचे. दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर चढते आणि काच बसते. चिकटद्रव्य लागत नसल्याने तीच काच पुन्हा काढता येई आणि दुसऱ्या गाडीला लावता येई. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार अशाच मालावर पोसला. तिथे दरवाजाची काच, दिवा, आरसा, अख्खा दरवाजासुद्धा मिळे. पुण्यात हे काम मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराने केले.

पत्र्याचे काम डेंटरचे, आणि या धंद्यातली खरी विद्या त्याच्याच हातात आहे. चेपलेल्या भागाच्या मागे तो डॉली नावाचा लोखंडी ठोकळा धरतो आणि पुढून हातोडीने हलके ठोके देतो. पत्रा ताणला गेला असेल तर नुसत्या ठोक्यांनी तो फुगतच राहतो. मग गॅसच्या ज्योतीने नेमका एक ठिपका लाल करायचा, ठोकायचा आणि लगेच ओले फडके दाबायचे. निवताना पत्रा आवळतो. काम जमले की नाही हे डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळते, म्हणून डेंटर मधूनमधून सपाट हात फिरवत असतो. उरलेला खळगा पूर्वी शिसे-कथलाच्या डागाने भरत. पुढे पॉलिएस्टर पुट्टी आली, आणि शंभर भागांना साधारण दोन भाग हार्डनर मिसळून अर्ध्या तासाच्या आत घासायला तयार होणाऱ्या या लगद्याने काम स्वस्त केले. त्याबरोबर आळसही आला. न ठोकता जाड पुट्टी थापलेला पत्रा काही पावसाळ्यांत फुगून तडकतो, आणि तेच काम दुप्पट पैशांत पुन्हा करावे लागते.

रंगाचा कच्चा माल शहरातच होता. 1920 मध्ये लोअर परळला सुरू झालेली गहागन पेंट्स पुढे गुडलास नेरोलॅक झाली. एशियन पेंट्स 1942 मध्ये मुंबईतच जन्मली. त्या काळच्या नायट्रोसेल्युलोज म्हणजे ‘ड्युको’ रंगाचा गुण असा, की त्यातला थिनर जुन्या थराला विरघळवतो, त्यामुळे नवा थर त्यात मिसळून जातो. किल्लीचा ओरखडा म्हणूनच तेवढ्यापुरता भरता येई. पाण्याचा पेपर मारायचा, प्रायमर लावायचा, गनने टच-अप करायचा आणि शेवटी रबिंग कंपाऊंड. हे सारे फुटपाथवर, एका कॉम्प्रेसरवर होत असे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हे गणित हळूहळू बदलले. पत्रा पातळ झाला, बंपर प्लास्टिकचे झाले, पुढे रंगाच्या बेस कोटावर पारदर्शक क्लिअर कोट येऊ लागला. क्लिअर कोटाचा जोड दिसतो, म्हणून लहान ओरखड्यासाठीही अख्खा पॅनल रंगवावा लागतो, तोही धूळ नसलेल्या बूथमध्ये. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे वळल्या. पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली.

तरीही जुनी खासगी गाडी आजही गल्लीतल्या डेंटरकडेच येते, कारण विम्याचा हिशेब तिच्या विरुद्ध जातो. सक्तीचा थर्ड पार्टी विमा स्वतःच्या गाडीच्या तोडफोडीचे काहीच देत नाही. पूर्ण विमा दंगल आणि खोडसाळ नुकसान धरतो, पण 2002 च्या मोटार टॅरिफपासून रूढ झालेल्या दरांनुसार दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या नव्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. प्लास्टिक आणि रबरावर तो गाडीच्या वयाचा विचार न करता 50 टक्केच आहे. काचेवर मात्र घसारा नाही. त्यातच दावा केला की साचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सहसा जातो, आणि तो 20 ते 50 टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून एका दरवाजाचा पोचा किंवा ओरखडा असेल तर ठोकून घेऊन पदरचे पैसे देणेच स्वस्त पडते. पुढची काच आणि दोन-तीन पॅनल एकदम गेले असतील, तर मात्र फोटो काढून, पोलिसांत तक्रार देऊन आधी विमा कंपनीला कळवावे आणि तिच्या सर्व्हेअरने पाहिल्यावरच गाडीला हात लावू द्यावा.