काठावरचे निलंगा

नोकरीच्या निमित्ताने माझी बावीस वर्षे रत्नागिरीत गेली. तिथल्या सहकाऱ्यांचे गावी जाणे म्हणजे सगळे ठरलेले असायचे. सकाळी खाडी, दुपारी आंबे, संध्याकाळी पुळणीवर फेरी. मग मला विचारत, "तुमच्या निलंग्याला काय आहे हो बघायला?" निलंगा म्हटले की त्यांना एकच नाव आठवायचे, १९८५-८६ चे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर. पुढे गाडी अडायची. समुद्र तर आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आत कुठेच नाही.

पण काठ आपल्यालाही आहे. पाण्याचा म्हणाल तर मांजरा-तेरणेचा, आणि त्याहून मोठा म्हणजे राज्यांचा आणि भाषांचा. औरादकडे निघालो की तासाभरात दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरे सुरू होतात. गावी गेल्यावर मला जे जे करायला आवडते ते सगळे फिरून फिरून या काठावरच येते, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

पहिली फेरी नीलकंठेश्वराची, ऊन चढायच्या आत. देवळाच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून चालत राहायचे. भिंत सरळ जात नाही, कोन काढत आत-बाहेर होते. तळाचा आकार चांदणीसारखा आहे. शाळा सुटल्यावर आपण ते कोपरे मोजायचो आणि कोणाही दोघांचा आकडा जुळायचा नाही. आत एक सभामंडप आणि तीन गाभारे. भिंतीवरच्या सुरसुंदरी तेव्हा आपण लाजत लाजत बघायचो, आता चष्मा लावून बघतो. जुने दगडी देऊळ दिसले की 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला प्रधान. या देवळाची घडण मात्र कल्याणीच्या चालुक्यांच्या वळणाची आहे. आणि कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंग्यापासून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर.

हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) दरबारी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. पुढे शेकडो वर्षे देशाच्या मोठ्या भागात हिंदू घरांच्या वाटण्या तिच्या आधाराने झाल्या. त्याच कल्याणीत बाराव्या शतकात बसवेश्वर होते. तेव्हा आपण काठावर नव्हतो. राजधानीच्या अंगणात होतो. काठ नंतर आला, तोही आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांदेखत.

तारीख १ नोव्हेंबर १९५६. निजामाच्या राज्यात निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत त्या जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटप झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात आले, बीदर-भालकी-हुमनाबाद म्हैसूरला गेले आणि नारायणखेड, जहिराबादचा भाग आंध्राला. आपण उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेलो. १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ ला लातूर जिल्हा. माझे वडील, अण्णा, जन्मभर एकाच गल्लीत राहिले. १९४८ पासूनच्या चौतीस वर्षांत त्यांनी निजामाचे संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार सरकारे पाहिली, आणि जिल्हे तीन. माझी आत्या भालकीला दिलेली. ती आपल्याच जिल्ह्यात नांदायला गेली आणि बसल्या जागी परराज्यातली झाली. तिच्या पत्रांवरचा पत्ता तेवढा बदलला, भाषा तीच मराठी-कन्नड मिसळ.

गावातला माझा दुसरा आवडता उद्योग म्हणजे माडीवरची पत्र्याची पेटी उघडणे. तिच्यात शेताच्या सेतवाराची नक्कल आहे, १९५४ च्या खासरा पाहणीचा उतारा आहे, दोन मोडी कागद आहेत आणि अण्णांचा शाळेचा दाखला आहे. त्यावर मदरसा तहतानिया, तालुका निलंगा, जिल्हा बीदर. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिक आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. वरचे सगळे शिक्षण उर्दूतून. १९१८ ला निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. जन्मतारीख फसली सनातली आहे, सन १३४२, महिना दै. हिशेब सोपा आहे. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांत ५९० मिळवायचे, जानेवारी लागला की ५९१. म्हणजे अण्णा नोव्हेंबर १९३२ चे. नोकरीच्या कागदात त्यांची तारीख १ जून होती. आपल्यातल्या निम्म्यांची तीच असेल, गुरुजींनी सगळ्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातले होते! आता आमच्या घरी अण्णांची आठवण नोव्हेंबरात काढतात.

हा दाखला मला वाचून दाखवला तो आपल्याच वर्गातल्या एका मित्राने, त्याच्या वाड्याच्या ओसरीवर. हे मुद्दाम सांगतो. रझाकारांनी काय केले ते आपण दर १७ सप्टेंबरला ऐकत आलो. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा, हेही सरांनी सांगितले होते. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या भागांतल्या मुसलमान वस्त्यांवर काय गुदरले ते आपल्या पुस्तकात नव्हते. पंडित सुंदरलाल समितीने फिरून ते लिहून ठेवले, आणि तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. मित्राच्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, शेतीच्या कागदात आहे, आणि १९४८ नंतर कुठेच नाही. माझ्या बापाचा दाखला वाचता वाचता त्याने हे सांगितले. आवाज चढवला नाही. त्यानंतर आम्ही दोघांनी चहा घेतला आणि पुढचा कागद उघडला.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा गावोगावी अशा पेट्या उघडल्या. ज्यांना अडगळ म्हणत होतो त्या कागदांना एकदम भाव आला. पण वाचणारे किती उरले? आणि कागद तरी किती? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपले होते. किल्लारी आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आतबाहेर. सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्या तुकडीतली काही घरेही त्या यादीत आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर अंगावर आले. पुढची दोन-तीन वर्षे लोकांनी भीतीने उभी माळवदेही उतरवली. माझ्या गल्लीत नऊ होती, आता एकही नाही. भिंतीतली कोनाडी, फडताळे, त्यांतली गाठोडी ट्रॉलीत भरून गेली. त्या दिवसांत कागद कोण बघतो? जीव वाचला हेच पुष्कळ होते.

खरोश्याच्या लेण्यांवर या वेळी फार लिहीत नाही. जांभ्या दगडातली ती लेणी जेम्स बर्जेसने १८७८ च्या अहवालात नोंदवली. आपण तिथे सहलीला जाऊन मुख्यतः डबे संपवले. जाता-येता अर्धा तास थांबाच. संध्याकाळी मोकळे असाल तर निलंगा राईस खा. आपल्या लहानपणी हे नाव नव्हते, आता पुण्यात त्याच्या पाट्या दिसतात, आणि पोरांना गावाचे नाव तेवढ्यावरून तरी कळते.

सगळ्यांत आवडती गोष्ट मात्र येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गाव ओस पडते, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. रत्नागिरीत हा सण सांगितला तर कोणाला कळायचा नाही. पुण्यातही कळत नाही. भालकीला मात्र लगेच कळतो. कानडी मुलखात त्याला येळ्ळ अमावस्या म्हणतात. येळ्ळ म्हणजे तीळ, असे एक मत आणि येळ म्हणजे सात, असे दुसरे. मला तिळाचे पटते, कारण तिळाची पोळी ताटात असतेच. १९५६ ची रेघ नकाशावर पडली, या ताटावर पडली नाही. आत्या होती तोवर दर येळवसला तिच्याकडून खिरीचा डबा यायचा, आणि तो आणणारा सालगडी दोन्ही राज्यांना सारख्याच शिव्या द्यायचा.

आता कामाचे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक संयोजकांनी शाळेतला एक वर्ग मोकळा ठेवला आहे. आपल्या तुकडीत उर्दू वाचणारे दोघे आहेत आणि मोडी वाचणारा एक, तिघेही येणार आहेत. घरी सेतवार, सनद, जुना दाखला, हाली सिक्क्यातली पावती असे काही असेल तर बरोबर आणा. लॅमिनेशन करून आणू नका. घडी पडलेला कागद असेल तर घडीतच आणा, आम्ही सावकाश उलगडू. फोटो काढून मूळ कागद तिथल्या तिथे परत मिळेल. कोणाकडे वाड्याचे, माळवदाचे १९९३ पूर्वीचे फोटो असतील तर तेही हवेत.