बिदरचा मदरसा

आमचा उदगीर तालुका आज लातूर जिल्ह्यांत आहे. १९५६ सालापर्यंत तो बिदर जिल्ह्यांत मोडत असे. सरकारी कामासाठीं बिदरला जाणाऱ्या आमच्या वडील मंडळींच्या बोलण्यांत तेथील एका मनोऱ्याचा उल्लेख हटकून येई. तो महमूद गवानच्या मदरशाचा मनोरा होय.

गवान मूळचा इराणांतील गीलानचा. बहामनी राज्याचा वजीर असतांना त्यानें १४७२ सालीं ही विद्याशाळा बांधून पुरी केली. इमारत तीन मजली. लांबी सुमारें २०५ फूट, रुंदी १८० फूट. मध्यें मोकळा चौक, त्याच्या बाजूंस व्याख्यानांचीं उंच दालनें, मशीद व ग्रंथालय, आणि भोंवतीं गुरुशिष्यांच्या खोल्या. दर्शनी भागीं सुमारें १३० फूट उंचीचे दोन मनोरे होते. त्यांवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरशांची नागमोडी नक्षी होती. ग्रंथालयांत ३,००० हस्तलिखितें होतीं असें सांगतात.

पुढें दरबारांतील शत्रूंनीं गवानच्या शिक्क्याचें बनावट पत्र सुलतानापुढें ठेविलें. सुलतानानें चौकशी न करतां १४८१ सालीं सत्तरी उलटलेल्या या वजिराचा शिरच्छेद करविला. मागाहून त्याचा खजिना शोधला, तों हातीं फारसें कांहींच लागलें नाहीं!

संस्थापक गेला, तरी इमारत दोनशें वर्षें उभी राहिली. १६५७ सालीं बिदर मोगलांकडे गेलें. पुढें या वास्तूंत फौज राहूं लागली आणि दारूगोळाही सांठविला गेला. १६९६ सालीं दारूचा भडका उडाला. एक मनोरा व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. दुसरा मनोरा अद्याप उभा आहे. वास्तु आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेंत शिकविलें. एका गांवीं आमच्या वर्गांत धान्याचीं पोतीं रचलीं गेलीं, आणि मुलें महिनाभर झाडाखालीं बसलीं. ‘शाळेची जागा मोकळीच तर आहे,’ असें उत्तर मला मिळालें. बिदरच्या त्या खोल्याही कोणास अशाच मोकळ्या वाटल्या असतील. म्हणून सांगतों, शाळा मोडावयास शत्रूच लागतो असें नाहीं; तिला कोठार समजणारा मनुष्यही पुरतो. बिदरला गेलांत, तर उभा मनोरा पाहाच. पण क्षणभर पडलेल्या मनोऱ्याच्या जागेपाशींही थांबा.