तांबडी वाइन आणि तिचे कामगार



वाइनचा इतिहास सांगू लागले की तो मालकांचाच इतिहास होऊन बसतो. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी तिकडच्या तांबड्या वाइनची पाच प्रतींत वर्गवारी लावली. कसोटी एकच : बाजारातला भाव. पहिल्या प्रतीत लाफित, मार्गो, लातूर अशी मळ्यांची नावे आहेत. (या लातूरचा आपल्या मराठवाड्याशी संबंध नाही.) किरकोळ बदल सोडता ती यादी आजही चालते. त्या मळ्यांत राबणारा माणूस तीत कोठेच नाही.

आता प्रत्यक्ष काम पाहा. वाइनचा तांबडा रंग रसाचा नव्हे, सालीचा. काळे द्राक्ष पिळले तरी रस बहुधा पांढराच निघतो. म्हणून देठ काढून, मणी फोडून, रस सालीबियांसकट टाकीत आंबवतात. यीस्ट साखर खाते. तिचा मद्यार्क होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूने वर आलेला सालींचा थर दिवसातून दोनतीनदा खाली दाबावा लागतो. आठपंधरा दिवसांनी वाइन काढून घेतात, चोथा पिळतात आणि उत्तम माल ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवतात.

चोथा उपसायला टाकीत माणूस उतरतो. वायू हवेपेक्षा जड. तो तळाशी साचतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी पेटती मेणबत्ती खाली सोडायची. ती विझली तर उतरायचे नाही, अशी जुनी रीत आहे. या साऱ्या धंद्यात मला ती मेणबत्ती सर्वांत मोलाची वाटते. आपल्या शहरांत गटारात उतरणाऱ्याच्या वाट्याला तीही येत नाही.

दक्षिण फ्रान्समधील लांगदोकच्या द्राक्षमजुरांनी 1904 साली मजुरीसाठी संप केले. पुढे बनावट मालामुळे भाव कोसळले आणि 1907 साली मार्सेलँ आल्बेर या बागाइतदाराच्या मागे सारा प्रांत उठला. 9 जूनला मोंपेलिए येथे पाच लाखांवर लोक जमले. नार्बोनला सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. 17 व्या पायदळ पलटणीत त्याच मुलखातली पोरे होती. त्यांनी बंड केले. भेसळीविरुद्धचा कायदा त्याच महिन्यात झाला. मात्र या मोर्च्यांत मालक आणि मजूर एकत्र चालले, आणि भावाच्या घोषणेत मजुरीची मागणी मागे पडली, असे माझे मत आहे.

फ्रान्सची ही विद्या पुणे जिल्ह्यातही आली. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात पायपर-हाइडसिक या फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली. परदेशी ती 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली. 2008 च्या मंदीनंतर ती कंपनी कर्जात बुडाली. दरम्यान 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि नाशिककडे हा धंदा फोफावला.

फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते, तेव्हा तिची छाटणी एकदाच. दख्खनच्या उबेत तिला ती झोप नाही. येथे छाटण्या दोन : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी. नाशिकच्या बागांत त्यासाठी पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी टोळ्या करून येतात, एकरी उक्त्यावर. उक्ते म्हणजे काय हे वारज्यात सांगायला नको. 1997 साली महापालिकेत येण्यापूर्वी हे खेडेच होते.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, पुष्कळदा हातानेच. कातडी त्याने भाजते. शिवाय ते अंगात भिनलेल्या माणसाने मद्य घेतले तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, धाप लागते. युरोपीय संघाने 2008 साली या औषधाला मान्यता नाकारली. आपल्याकडे ते चालू आहे. आणि हातमोजे कोणी द्यायचे, मालकाने की मुकादमाने, हे उक्त्याच्या बोलीत ठरत नाही.