साकुरामोचीची कुळकथा

जपानच्या दरबारी इतिहासात चेरीच्या बहराखालील मेजवानीचा उल्लेख इसवी सन ८१२ इतका जुना आहे. त्या वर्षी सम्राट सागा याने क्योतोच्या शिन्सेन-एन उद्यानात पुष्पदर्शनाचा समारंभ केला, आणि १५९८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने दाइगो मंदिराच्या परिसरात तोच प्रघात अपूर्व थाटाने पाळला. परंतु एदो शहरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील, सामान्य रयतेला हा उत्सव मनमुराद लाभला तो १७१६ साली शोगुनपदी आलेल्या तोकुगावा योशिमुने याच्या अमदानीत. सुमिदा नदीच्या बांधावर व आसुकायामाच्या टेकडीवर त्याने चेरीची झाडे लावविली. बहराच्या दिवसांत तेथे लोकांची रीघ लागू लागली, आणि जेथे रीघ तेथे खाऊचे दुकान ओघानेच आले.

याच बांधालगत चोमेइजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. त्याचा द्वारपाल यामामोतो शिनरोकू हा झाडांची पाने लोटून लोटून त्रासला. अखेर १७१७ साली त्याने ती पाने पिंपात मिठात मुरविली व त्यांत मोची ही पुरण भरलेली मऊ मिठाई गुंडाळून ती साकुरामोची, म्हणजे चेरीची मोची, मंदिराच्या दाराशी विकावयास आरंभ केला, अशी परंपरा आहे. साल व नाव यांविषयी शंका घेण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. मात्र केरातला पाचोळा आणि साकुरामोचीचे पान यांत पुष्कळ अंतर आहे. गळलेले पान कोरडे व ठिसूळ. मोचीला हवे ते कोवळे, अखंड, हाताने खुडलेले. तेव्हा झाडलोट करताना सुचलेल्या कल्पनेला खुडणीची शिस्त लागेपर्यंत काही मोसम खर्ची पडले असावेत, असे मी मानतो, आणि या कारागिराचे खरे श्रेय मला त्या मधल्या खटपटीतच दिसते.

पुढे शंभर वर्षांत या धंद्याचा केवढा विस्तार झाला, याचा ताळेबंद सुदैवाने शिल्लक आहे. कादंबरीकार ताकिझावा बाकिन व त्याचे विद्वान स्नेही १८२५ साली दरमहा एकत्र जमून नवलाच्या हकिकती एकमेकांस सादर करीत. त्यांच्या ‘तोएन शोसेत्सु’ या संग्रहात दुकानाचा आदल्या वर्षीचा हिशेब उतरला आहे. पानांची पिंपे ३१. दर पिंपात सुमारे २५,००० पाने, म्हणजे एकूण ७,७५,०००. आणि एका मोचीस दोन पाने या मानाने मोची ३,८७,५००. पीठ-साखरेला बाजूस सारून पानांच्या पिंपांपासून गणती सुरू करणारा हा टिपणकार पदार्थाचे मर्म जाणणारा खराच! हायकूचा सुधारक मासाओका शिकी १८८८ च्या उन्हाळ्यात याच दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड करून राहिला होता.

झाडावरचे ताजे पान हुंगले तर साकुरामोचीचा परिमळ त्यास जवळजवळ नसतोच. कूमारिन या सुगंधी द्रव्याचे पूर्वरूप पानात शर्करेशी बद्ध असते. मिठाने पेशी फुटतात, विकरांचा अंमल सुरू होतो, आणि पान मुरता मुरता तो गंध मोकळा होतो. यासाठी ओशिमा जातीची चेरी उत्तम, कारण तिचे पान मोठे, मऊ आणि लव नसलेले. देशाला लागणाऱ्या पानांचा फार मोठा हिस्सा इझू द्वीपकल्पातील मात्सुझाकी गावाकडून येतो. तेथे झाडे दरसाल बुडाशी छाटून झुडपाएवढीच ठेवतात. उन्हाळ्यात पाने खुडून पन्नास-पन्नासांच्या जुड्या बांधतात, आणि माणूस आत उभा राहील अशा प्रचंड पिंपांत मिठाबरोबर थरावर थर लावून कित्येक महिने दाबून ठेवतात.

आत गुंडाळावयाचा पदार्थ मात्र प्रांतागणिक बदलला. एदोच्या रीतीत गव्हाच्या पिठाचे पातळ धिरडे तव्यावर घालून त्यात अझुकी या तांबड्या कडधान्याचे पुरण दुमडतात. क्योतो-ओसाकाकडे चिकट तांदूळ भिजवून, वाफवून, वाळवून त्याची भरड काढतात. ओसाकाजवळच्या दोम्योजी मठातील सुक्या भाताच्या शिदोरीवरून तिला त्या मठाचेच नाव पडले आहे. ही भरड पुन्हा वाफवली की कणी न् कणी पारदर्शक फुलते, आणि तिच्या पोटात पुरण भरतात. हाताला गोळा चिकट लागतो, दाताखाली कणी वेगळी कळते; मला हीच रीत अधिक रुचते.

पान खावे की काढावे, हा वाद जुना आहे. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळीचे पान आपण निःशंक सोलून टाकतो. चोमेइजीचे दुकानही आज एका मोचीस तीन पाने लावून ती काढूनच खाण्याची शिफारस करते, कारण गंध तोवर मोचीत पुरता उतरलेला असतो. पुष्कळ जपानी रसिक मात्र पानासकट खातात, आणि माझा कौल त्यांच्याकडे आहे: तीनांतील दोन पाने काढावीत आणि एक राखावे, म्हणजे त्याचा खारटपणा पुरणाच्या गोडीला आवर घालतो.