गुराबेची कुळकथा

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती मुख्यतः जमिनीवरून, तटाला सुरुंग लावून. पण पोर्तुगिजांसारख्या दर्यावर्दी सत्तेशी झुंजायची मराठ्यांची तयारी त्याआधी सुमारे ऐंशी वर्षे पाण्यावर चालू होती. त्या तयारीतले सर्वांत दणकट लढाऊ जहाज म्हणजे गुराब.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी खाडीत जहाजबांधणी सुरू केली. रुई लैताव व्हिएगस हा पोर्तुगीज तिथे कारागिरांचा प्रमुख होता. गोव्याच्या सत्तेला हे कळताच तिने आपली माणसे फोडून परत नेली. काम थांबले नाही.

गुराब हे नाव अरबी, आणि या जातीची जहाजे हिंदी महासागरात आधीपासून होती. कोकणात तिला लढाईचे रूप आले. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठा आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याच्या गुराबेचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. पोट रुंद, बूड उथळ, त्यामुळे ती खाडीत आतवर शिरे. पुढची नाळ लांब निघालेली आणि दोन्ही अंगांनी उघडी. समोरून लाट आली की गुराब जोराने डुबकी घेई, पण नाळेवर चढलेले पाणी लगेच वाहून जाई. नाळेमागच्या लाकडी भिंतीला भोके पाडलेली असत. त्यांतून ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर मारा करीत. बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत.

सोबतीला गलबते. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ती वारा पडला तरी पुढे सरकत, आणि गरज पडली तर गुराबेला ओढूनही नेत. वाऱ्यावाचून खोळंबलेल्या युरोपीय जहाजाला ही टोळी मागून गाठी, कारण तिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त हा अनुभव नियमांत उतरला आहे. गुराबा मध्यम आकाराच्याच बांधाव्यात, वाऱ्याशिवाय निरुपयोगी ठरणारी मोठी जहाजे करू नयेत. सागवान सरकारी परवानगीने तोडावे. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे माणूस लेकरासारखी वाढवतो.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रज आरमार समुद्राकडून चालून आले आणि नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीकडून. तुळाजी आंग्र्यांचा ताफा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून नांगरलेला होता. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडून आग लागली, ती जहाजामागून जहाजाला भिडली आणि सारा ताफा खाक झाला. याचा दोष गुराबेच्या बांधणीला देता येत नाही. मोकळ्या पाण्यात तिने अर्धशतक इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिघांनाही दाद दिली नव्हती. पेशवे आणि आंग्रे यांच्या घरच्या वैरापायी परक्याला किनाऱ्यावर वाट दिली गेली, आणि त्याची किंमत मराठ्यांच्या सर्वांत बळकट आरमाराने मोजली.

विजयदुर्गला जाल तेव्हा किल्ल्यावरूनच मागे फिरू नका. वाघोटन खाडीत, गिर्ये गावाजवळ, कातळात खोदलेली जुनी गोदी आहे. ती जरूर पाहा.