बाह्य फ्लॅश

बाह्य फ्लॅश हे कॅमेऱ्यातील अंगभूत फ्लॅशहून वेगळे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारे आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवून किंवा त्यापासून दूर ठेवून वापरता येणारे प्रकाशसाधन होय. छायाचित्र टिपले जात असताना ते सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता प्रखर पांढरा प्रकाश टाकते. कॅनन कंपनी आपल्या अशा उपकरणांना ‘स्पीडलाइट’ म्हणते. निकॉनही इंग्रजी वर्णलेखनातील थोड्या फरकाने हेच नाव वापरते. बोलण्यात मात्र त्याला नुसते ‘फ्लॅश’ किंवा ‘फ्लॅशगन’ म्हटले जाते.

फ्लॅश म्हणजे अंधार घालवण्याचे साधन, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बाह्य फ्लॅशचे खरे महत्त्व असे, की त्यामुळे प्रकाशाची दिशा, त्याचा मऊपणा आणि सभोवतालच्या प्रकाशाशी त्याचे प्रमाण या तिन्ही गोष्टी छायाचित्रकाराच्या हाती येतात.

इतिहास

कृत्रिम क्षणिक प्रकाशासाठी आरंभी मॅग्नेशियमची भुकटी जाळली जात असे. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमबरोबर ऑक्सिडीकारक मिसळलेली फ्लॅश पावडर तयार केली. न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांची स्थिती जगापुढे मांडणारे पत्रकार जेकब रीस यांनी काळोख्या खोल्यांतील छायाचित्रांसाठी या पावडरीचा उपयोग केला. तिच्यामुळे धूर होई, ठिणग्या उडत आणि भाजण्याच्या व आग लागण्याच्या दुर्घटनाही घडत. १९३०च्या सुमारास बंद काचेतील फ्लॅशबल्ब प्रचारात आले व हा धोका पुष्कळ कमी झाला. परंतु प्रत्येक बल्ब एकदाच वापरता येई.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे तंत्र विकसित केले. आजच्या फ्लॅशचा पाया तोच आहे. १९७५ मध्ये आलेल्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने लेन्समधून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजून तो आपोआप नियंत्रित करण्याची सोय केली.

रचना व कार्य

बॅटरीतील वीज प्रथम धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवली जाते. हे धारित्र साधारण ३०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबापर्यंत भरते. शटर उघडताच कॅमेऱ्याकडून संकेत मिळतो, नळीतील झेनॉन वायूचे आयनीभवन होते आणि साठलेली ऊर्जा एका झटक्यात प्रकाशरूपाने बाहेर पडते. पूर्ण शक्तीच्या झोताचा कालावधी साधारण १/१००० सेकंदाच्या आसपास असतो. शक्ती कमी केली, की झोताची तीव्रता न घटता त्याचा कालावधी घटतो. म्हणूनच अगदी कमी शक्तीवर उडत्या पाण्याचे थेंबही स्थिर टिपता येतात.

फ्लॅशचे डोके बहुधा वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळते. आतील नळी पुढे-मागे सरकवून झोत अरुंद किंवा रुंद करता येतो. यालाच फ्लॅशचे झूम म्हणतात. ज्या खाचेत फ्लॅश बसतो तिला ‘हॉट शू’ असे नाव आहे. तिच्या मध्यभागी असलेला धातूचा संपर्कबिंदू फ्लॅश उडवण्याचा संकेत देतो, तर इतर बिंदूंतून कॅमेरा व फ्लॅश एकमेकांना माहिती पुरवतात. या इतर बिंदूंची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

एका छायाचित्रातील दोन प्रकाश

फ्लॅश वापरून घेतलेल्या छायाचित्रात दोन प्रकाशांची नोंद एकाच वेळी होते: एक सभोवतालचा प्रकाश आणि दुसरा फ्लॅशचा. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ हे दोन प्रकाश वेगळे न ओळखल्यामुळे होतो.

सभोवतालचा प्रकाश शटर उघडे असेपर्यंत साठत राहतो. फ्लॅशचा झोत मात्र शटर उघडे असतानाच येऊन संपूनही जातो. त्यामुळे शटरचा वेग १/६० वरून १/१२५ सेकंद केला, तर मागील खोली गडद होते. फ्लॅशने उजळलेला चेहरा जवळजवळ तसाच राहतो. ॲपर्चर आणि आयएसओ यांतील बदलाचा परिणाम दोन्ही प्रकाशांवर होतो. फ्लॅशची शक्ती आणि विषयापासूनचे त्याचे अंतर यांचा परिणाम केवळ फ्लॅशच्या प्रकाशावर होतो. थोडक्यात, पार्श्वभूमीचा उजेड शटरने व मुख्य विषयाचा उजेड फ्लॅशच्या शक्तीने सांभाळावा, हे या तंत्राचे मूळ सूत्र होय.

चेहरा पांढराफटक आणि मागे काळोख, असे चित्र आले, तर दोष फ्लॅशचा नसून या प्रमाणाचा असतो. शटरचा वेग कमी केल्यास किंवा आयएसओ वाढवून त्या मानाने फ्लॅशची शक्ती घटवल्यास मागील दिवे, भिंती व माणसे चित्रात परत येतात.

सिंक वेग

बहुतेक अदलाबदलीच्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. ठरावीक वेगापर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडल्यानंतरच दुसरा मिटू लागतो. ज्या सर्वांत जास्त वेगाला संपूर्ण संवेदक क्षणभर उघडा असतो, त्याला सिंक वेग म्हणतात. तो सामान्यतः १/१६० ते १/२५० सेकंद असतो. त्याहून जास्त वेगाला दोन पडद्यांमधील केवळ एक फट संवेदकावरून सरकते आणि चित्राच्या एका बाजूस काळा पट्टा उमटतो. काही फ्लॅशमधील ‘हाय-स्पीड सिंक’ या सोयीत ही फट सरकत असताना अनेक लहान झोत सलग टाकले जातात. मात्र त्यामुळे फ्लॅशचा पल्ला बराच घटतो.

अंतर व गाइड नंबर

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. समूहचित्रात पहिली रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळतो. अशा वेळी फ्लॅश मागे नेऊन दोन्ही रांगांच्या अंतरांतील प्रमाण कमी करावे लागते.

फ्लॅशची क्षमता गाइड नंबरने सांगतात. अंतर आणि एफ-क्रमांक यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. आयएसओ १०० ला मीटरमध्ये ४० गाइड नंबर असलेल्या फ्लॅशला एफ/८ वर ५ मीटर, तर एफ/४ वर १० मीटर पल्ला मिळतो. आयएसओ चौपट केल्यास पल्ला दुप्पट होतो. खरेदी करताना हा अंक मीटरमध्ये आहे की फुटांत, तसेच झूमच्या कोणत्या स्थितीतील आहे, हे पाहणे आवश्यक असते. झोत अरुंद केल्यावर हा अंक वाढत असल्याने जाहिरातीत बहुधा तोच मोठा अंक दिलेला असतो.

टीटीएल आणि मॅन्युअल पद्धती

टीटीएल पद्धतीत मुख्य झोतापूर्वी फ्लॅश एक क्षीण झोत टाकतो. विषयावरून परतलेला त्याचा प्रकाश लेन्समधून मोजून कॅमेरा मुख्य झोताची शक्ती ठरवतो. छायाचित्रकार व विषय यांतील अंतर सतत बदलत असेल, उदाहरणार्थ लग्नसमारंभात, तेव्हा ही पद्धत सोयीची ठरते. परंतु कॅमेऱ्याला वस्तूचा मूळ रंग ठाऊक नसतो. पांढऱ्या साडीने चौकट भरली, तर तो प्रकाश कमी करतो व साडी करडी दिसते; काळ्या कोटामुळे उलट घडते. ही चूक फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने सुधारतात. पांढऱ्या वस्त्रांसाठी ते धन बाजूस, तर काळ्यांसाठी ऋण बाजूस सरकवावे लागते.

मॅन्युअल पद्धतीत शक्ती पूर्ण, १/२, १/४ अशा पायऱ्यांनी, अनेक फ्लॅशमध्ये १/१२८ पर्यंत, हाताने ठरवली जाते. अंतर कायम असेल, तर प्रत्येक चित्रात समान प्रकाश मिळतो. कार्यकारणसंबंध डोळ्यांसमोर स्पष्ट होत असल्याने शिकण्यासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

प्रकाश मऊ करणे

प्रकाश कठोर वाटतो की मऊ, हे विषयाच्या तुलनेत प्रकाशस्रोत किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. फ्लॅशचे तोंड अगदी लहान असल्याने समोरून टाकलेल्या झोताने गडद, रेखीव सावल्या पडतात. डोके छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवले, की उजळलेला तो मोठा पृष्ठभागच प्रकाशस्रोत बनतो व सावल्या मऊ होतात. यास ‘बाउन्स’ म्हणतात. प्रकाश एका बाजूने आल्यास चेहऱ्याला उठाव येतो. शिवाय लेन्सजवळच्या फ्लॅशचा प्रकाश डोळ्यांच्या पडद्यावरून थेट परतल्याने येणारे लाल डोळेही टळतात.

त्यासाठी छत पांढरे व फार उंच नसलेले हवे. रंगीत छताचा रंग चेहऱ्यावर उतरतो. लग्नाच्या मंडपात वर लाल-पिवळे कापड असेल, तर त्यावरून परतलेला प्रकाशही त्याच रंगाचा असतो. अशा ठिकाणी फ्लॅशला जोडलेला पांढरा पुठ्ठा किंवा छत्री उपयोगी पडते. डोक्यावर बसवायची प्लॅस्टिकची लहान टोपी खोलीत प्रकाश सर्वत्र उधळून भिंतींचा लाभ मिळवून देते. मोकळ्या मैदानात मात्र तिने प्रकाश मऊ होत नाही, केवळ शक्ती वाया जाते.

दिवसा उन्हातील वापर

फ्लॅशचा एक महत्त्वाचा उपयोग भर दुपारी होतो. सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांच्या खोबणीत व टोपीखाली काळ्या सावल्या पडतात. त्या उजळण्यासाठी टाकलेल्या प्रकाशास ‘फिल फ्लॅश’ म्हणतात. कडक उन्हात आयएसओ १०० व शटर १/२०० सेकंद असता ॲपर्चर सुमारे एफ/११ येते. ४० गाइड नंबरच्या फ्लॅशचा पूर्ण पल्ला तेथे सुमारे साडेतीन मीटरच भरतो. म्हणून विषय जवळ असावा लागतो. या कामी फ्लॅशचा प्रकाश उन्हापेक्षा एक-दोन स्टॉप कमी ठेवल्यास चित्र नैसर्गिक वाटते. प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉपचा फरक.

कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवल्यास प्रकाशाची दिशा पूर्णतः स्वतंत्र होते. त्यासाठी तार, प्रकाशसंकेत किंवा रेडिओ ट्रिगर वापरतात. प्रकाशसंकेतावर चालणारा फ्लॅश कडक उन्हात किंवा आडोशामागे असताना दगा देऊ शकतो. रेडिओ संकेताला ही अडचण नसते. दुसऱ्या फ्लॅशचा झोत पाहून उडणाऱ्या साध्या फ्लॅशला टीटीएलचा पूर्वझोत फसवतो आणि तो वेळेआधीच उडून जातो. यावर उपाय म्हणून मुख्य फ्लॅश मॅन्युअलवर ठेवतात.

नवशिक्यांसाठी सराव

घरातील एका स्थिर वस्तूवर पुढील क्रमाने सराव करता येतो.

१. कॅमेरा मॅन्युअल पद्धतीवर घेऊन आयएसओ ४००, एफ/४ आणि १/६० सेकंद ठेवावे. फ्लॅश बंद ठेवून एक चित्र घ्यावे. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात ते बरेच गडद येईल.

२. फ्लॅश मॅन्युअलवर १/८ शक्तीला ठेवून, डोके पांढऱ्या छताकडे वळवून दुसरे चित्र घ्यावे. विषय फार उजळ आल्यास शक्ती घटवावी, गडद आल्यास वाढवावी.

३. शक्ती न बदलता शटर १/१५ व नंतर १/१२५ करून पाहावे. पार्श्वभूमी कशी बदलते ते ताडून पाहावे.

४. शेवटी डोके बाजूच्या भिंतीकडे वळवून सावल्यांची दिशा निरखावी.

घरातील पिवळसर दिव्यांपुढे फ्लॅशचा प्रकाश निळसर भासतो, कारण त्याचे रंगतापमान दिवसाच्या प्रकाशाजवळ, सुमारे ५५०० केल्व्हिन असते. फ्लॅशवर नारिंगी जेल लावल्यास दोन्ही रंग जुळतात.

खरेदी व सुरक्षितता

फ्लॅश आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या पद्धतीशी सुसंगत आहे ना, हे प्रथम पाहावे. कॅननच्या १५००डी आणि २००डी मार्क २ यांसारख्या काही प्राथमिक कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधला संपर्कबिंदू नाही. म्हणून केवळ त्याच बिंदूवर चालणारे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश व ट्रिगर त्यांवर उडत नाहीत.

फिल्मच्या काळातील जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर तपासणीविना बसवू नये. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो व त्याने कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल कायमचे निकामी होऊ शकते. आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात हा दाब २४ व्होल्टपर्यंत सीमित केला आहे. काही कॅमेऱ्यांची मर्यादा याहूनही कमी असते, म्हणून माहितीपुस्तिका पाहणे इष्ट.

बिघडलेला फ्लॅश घरी उघडणे धोक्याचे आहे. बॅटऱ्या काढल्यानंतरही धारित्रातील वीज बराच काळ टिकते आणि तिचा धक्का गंभीर इजा करू शकतो. पूर्ण शक्तीवर सलग अनेक झोत टाकल्यास डोके तापते, म्हणून मध्ये विश्रांती द्यावी. दीर्घकाळ वापर नसेल, तेव्हा गळती टाळण्यासाठी बॅटऱ्या काढून ठेवाव्यात.

अर्भकांच्या व प्राण्यांच्या डोळ्यांजवळ फ्लॅश उडवू नये. अर्भकांपासून तो किमान १ मीटर दूर ठेवावा. वाहनचालकाच्या दिशेने तो कधीही वापरू नये. अनेक संग्रहालयांत, तसेच अजिंठ्याच्या चित्रमय लेण्यांत, चित्रांच्या जतनासाठी फ्लॅशला मनाई आहे. तेथे वाढीव आयएसओ व स्थिर हात यांवरच भिस्त ठेवावी लागते.