पाणसळ कोणासाठी?
अमेरिकेत मोटरहोम कॅम्पसाइटवर येऊन थांबले की पहिले काम ठरलेले असते. आत पाणसळ ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो ते पाहायचे आणि सखल बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवून गाडी त्यांवर चढवायची. झोप नीट लागावी म्हणून हा खटाटोप, असे सहसा सांगतात. पण झोपेसाठी उशीची बाजू बदलली तरी भागते. हा काटेकोरपणा आला तो गाडीतल्या फ्रीजमुळे, असे माझे मत आहे.

1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी मोटरच नसलेला फ्रीज शोधला. 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्सने तो विकत घेतला. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत भरलेले, खाली एक ज्योत. तापलेला अमोनिया वर जातो, थंड होऊन पातळ होतो आणि आपल्याच वजनाने खाली उतरतो. गॅसच्या टाकीवर चालणारे हे यंत्र विजेच्या तारांपासून दूर मुक्काम करणाऱ्यांना फारच सोयीचे ठरले. मात्र गाडी कलली की द्रव नळीच्या वळणात साचतो, बॉयलर कोरडा पडून तापतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी तुंबते. ती पुन्हा मोकळी होत नाही. म्हणूनच जुन्या फ्रीजच्या बाबतीत पाणसळ थेट फ्रीझरच्या तळाशी ठेवायला सांगत. पुढच्या पिढीतल्या अनेक फ्रीजना आडवा 3 आणि लांबीच्या दिशेने 6 अंश कल चालतो. धावत्या गाडीत हिंदकळण्यामुळे द्रव एका जागी साचत नाही, म्हणून धोका आहे तो मुक्कामातच.

यावर कोणी म्हणेल, कॅम्पसाइटवर गाडीसाठी आखलेली जागा तर गाड्यांत फ्रीज येण्याच्या आधीपासून आहे. खरे आहे. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी एकेरी वळणाचा रस्ता आणि प्रत्येक तंबूला गाडीची ठरावीक जागा ही रचना मांडली, आणि 1933 पासून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी ती ठिकठिकाणी उभारली. पण माइनेके यांना वाचवायची होती झाडांची मुळे. मोटारी कुठेही घुसून ती चिरडत होत्या. त्या जागा साध्या मोटारींच्या मापाच्या होत्या. 1966 मध्ये विनेबेगो कंपनीने मोटरहोमचे उत्पादन सुरू केल्यावर तिथे लांबलचक गाड्या उभ्या राहू लागल्या. पुढच्या-मागच्या चाकांत 5 मीटर अंतर असेल, तर अवघ्या 2 अंशांच्या उतारावरही त्यांच्या उंचीत सुमारे 17 सेंटीमीटरचा फरक पडतो. तो भरून काढण्याचे काम गाडीवाल्याच्या अंगावर आले. आधी फळ्या, नंतर हायड्रॉलिक जॅक.

आता बॅटरीवरचे कॉम्प्रेसर फ्रीज आले आहेत आणि त्यांना कल बराच सोसतो. तरीही लोक गाडी सपाट करतातच, हा आक्षेप वजनदार आहे. बाहेर सरकणाऱ्या खोल्या, मोरीचा निचरा, टाकीतल्या पाण्याचा अंदाज ही कारणे उरतातच. पण त्यांत थोडेफार चुकले तर नुकसान भरून निघते, तुंबलेल्या फ्रीजचे अख्खे शीतयंत्रच बदलावे लागते. गॅसच्या फ्रीजची गाडी असेल, तर आधी पाणसळ आणि मगच ज्योत, हा क्रम आजही पाळायलाच हवा.